सांडणीची पाळी



समूद लोकांचा वृत्तान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आदरणीय प्रेषित सालेह (अ.) यांना त्या लोकांनी निशाणी मागितली, अल्लाहने निशाणी म्हणून एक सांडणी दिली, त्यांनी तिला ठार केले आणि तीन दिवसांनी त्यांच्यावर प्रकोप कोसळला. एवढे आपल्या स्मरणात असते. मात्र सांडणीबरोबर त्यांना कोणती आज्ञा झाली होती, हे विचारले तर बहुतेक जण एवढेच सांगतात की तिला त्रास देऊ नये अशी आज्ञा होती. ते खरे आहे, पण अपुरे आहे. सूरह अश-शुअराची १५५ वी आयत आणि सूरह अल-कमरची २८ वी आयत काढून पाहावी. तिथे आज्ञा आहे ती पाण्याच्या वाटपाची. पाणी त्या लोकांत आणि सांडणीत वाटलेले आहे, ठरलेल्या दिवशी तिने प्यावे, ठरलेल्या दिवशी त्यांनी प्यावे, आणि ज्याची पाळी असेल त्यानेच पाण्यावर यावे, असा तिचा आशय आहे.

पाळी हा शब्द मावळातल्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. कालव्याला आवर्तन सुटले की शेजपाळीची यादी निघते. कोणाच्या शेताला कोणत्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी, हे तिच्यात लिहिलेले असते. रात्री दोन वाजता पाळी आली तरी माणूस कंदील किंवा बॅटरी घेऊन बांधावर जातो, कारण पाळी हा हक्क आहे आणि तो चुकवला तर पुन्हा मिळत नाही. आता विचार करावा: अल्लाहने समूद लोकांना जी यादी दिली, तिच्यात एका मुक्या जनावराचे नाव होते. ते यादीच्या शेवटी, ‘सर्वांचे भागून उरल्यास’ अशा शेऱ्यासह नव्हते. भाष्यकार सांगतात की एक दिवस पूर्ण तिचा आणि एक दिवस पूर्ण त्यांचा होता.

हे लोक तहानलेले, दरिद्री होते असेही नाही. त्यांच्याकडे बागा होत्या, झरे होते, पिके आणि मऊ फुलोऱ्याच्या खजुरी होत्या, आणि ते डोंगर कोरून ऐटीने घरे बांधत, असे कुरआन त्याच सूरहमध्ये सांगते. पाणी पुरत होते. त्यांना न पेलणारी गोष्ट होती ती वाटणी. ज्या पाण्यावर आपला ताबा आहे, त्यावर दुसऱ्याचा, तोही बोलता न येणाऱ्याचा, ठरलेला हक्क असावा हे त्यांना जाचू लागले.

या वृत्तान्ताचा एक उत्तरार्ध बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. हिजरी सन ९ मध्ये तबूककडे जाताना प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सैन्य समूदच्या ओसाड वस्तीजवळ, हिज्र येथे थांबले. लोकांनी तिथल्या विहिरींचे पाणी भरले, पीठ मळले. प्रेषितांनी (स.) ते पाणी ओतून द्यायला सांगितले, मळलेले पीठ उंटांना घालायला सांगितले, आणि ज्या विहिरीवर सांडणी पाणी पीत असे त्या विहिरीतून पाणी घ्या असा आदेश दिला. ज्यांनी वाटा मोडला त्यांच्या विहिरी टाळायच्या आणि जिचा वाटा मोडला गेला तिच्या विहिरीचे पाणी प्यायचे, एवढ्या शतकांनंतरही!

हा वृत्तान्त आज मांडण्याचे कारण पवना नदी आहे.

लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी सुमारे साठ किलोमीटर वाहून मुळा नदीला मिळते. तिचे पाणी पुढे मुळा-मुठा, भीमा आणि कृष्णा असे करत बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. तिच्या उगमाकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर, पुणे शहरात तो सुमारे सातशे मिलिमीटरवर येतो. पाण्याने ओथंबलेला डोंगर आणि तहानलेले पठार यांना जोडणारी ही एक चिंचोळी वाट आहे. १९७२ मध्ये तिच्यावर धरण पूर्ण झाले. त्यात सुमारे साडेआठ अब्ज घनफूट, म्हणजे सरकारी भाषेत साडेआठ टीएमसी, उपयुक्त पाणी साठते. हे पाणी धरणातून नदीतच सोडले जाते. ते मावळातील गावांजवळून वाहत, प्रतिशिर्डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिरगावावरून पुढे गहुंज्याकडे जाते आणि रावेतच्या बंधाऱ्याशी पोहोचते. तिथे पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ते उचलते. या मासिकाचे जे वाचक पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी या भागांत राहतात, ते वुजू करतात ते बहुतांशी याच पाण्याने.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यावी, कारण पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे. शिरगावच्या काठावर उभे राहून एप्रिलमध्ये नदीकडे पाहिले तर पाणी वाहताना दिसते. आपल्याला वाटते, नदी जिवंत आहे. परंतु ते पाणी नदीचे म्हणून वाहत नसते. ते शहराचे पाणी आहे आणि नदीच्या पात्रातून प्रवास करत आहे. वाटेत शेतकऱ्यांचे पंप त्यातून पाणी घेतात. मासे, खेकडे, शिंपले, दगडाखालच्या अळ्या, काठावरचे खंड्या आणि बगळे त्यावर जगतात. पण ते जगतात ते पाहुण्याच्या ताटातून सांडलेल्यावर. उद्या शहराने वाट बदलली, तर नदीत किती पाणी राहील, कोणत्या महिन्यात राहील, याचे उत्तर देणारी पाळी कुठे लिहिलेली आहे?

वाट बदलण्याचा प्रश्न कल्पनेतला नाही. धरणापासून निगडीपर्यंत सुमारे पस्तीस किलोमीटर लांबीची बंद जलवाहिनी टाकण्याची योजना जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून पुढे आली. नदीतून येणारे पाणी वाटेत घाण होते आणि वाया जाते, बंद नळातून ते स्वच्छ आणि पूर्ण येईल, हे शहराचे म्हणणे होते. त्यात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. नदीचे पाणी नळात गेले तर आमचे पंप कोरडे पडतील, हे मावळचे म्हणणे होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. रमजानचा पहिला आठवडा नुकताच सरला होता. योजनेला स्थगिती मिळाली. २०२३ मध्ये राज्य शासनाने ती उठवली आणि मावळात पुन्हा विरोध सुरू झाला.

जलवाहिनी व्हावी की होऊ नये, याचा निवाडा करायला हा लेख लिहिलेला नाही. दोन्ही बाजूंना माणसे आहेत आणि दोन्ही बाजूंना आपले बांधव आहेत. मला खटकते ते एवढेच की या साऱ्या वादात पक्ष दोनच मानले गेले, शहर आणि शेत. तिसरा पक्ष नदीच्या आत राहतो. त्याला मोर्चा काढता येत नाही.

सूरह अल-अनआमच्या ३८ व्या आयतीत अल्लाह सांगतो की जमिनीवर चालणारा प्रत्येक जीव आणि पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत. समुदाय हा शब्द तोलून घ्यावा. समुदायाला वस्ती असते, ये-जा असते, प्रजोत्पत्तीचा काळ असतो. पहिल्या जोरदार पावसात ओढ्या-नाल्यांतून पाण्याच्या विरुद्ध दिशेने वर चढणारे मासे आपण सर्वांनी पाहिले आहेत; त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. ते अंडी घालण्यासाठी उथळ, नव्या, स्वच्छ पाण्याकडे निघालेले असतात. त्यांना निघण्याची वेळ पाणी सांगते. जूनमध्ये पाण्याचा रंग, वेग आणि थंडावा बदलला की हालचाल सुरू होते. खडशी, म्हणजे दख्खनचा महासीर, वाहत्या पाण्याखालच्या स्वच्छ गोट्यांवर अंडी घालतो. गोट्यांवर गाळ बसला किंवा पाणी थांबले तर अंडी गुदमरतात. या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून. आज त्याच जातीची अंडी लोणावळ्यात वळवणच्या तळ्याकाठी, वीज कंपनीच्या केंद्रात, हाताने उबवावी लागतात. १९७० च्या दशकापासून हे काम चालू आहे. ते काम करणाऱ्यांचे कौतुकच आहे. पण जे काम नदी फुकट करत होती त्यासाठी माणसे नेमावी लागतात, हे काही समृद्धीचे लक्षण नव्हे.

तेव्हा नदीला किती पाणी हवे, एवढाच प्रश्न नाही. केव्हा हवे, हाही आहे. वर्षाचा हिशेब जुळला तरी जीव मरू शकतो. मेमध्ये डोहांत जीव धरून राहण्यापुरती धार, जूनमध्ये वाट मोकळी करणारा पहिला लोंढा, पावसाळ्यात गाळ धुऊन नेणारा पूर, आणि दिवाळीनंतर हळूहळू उतरणारे पाणी, असा हा क्रम आहे. धरणाचे दार एकदम उघडले आणि एकदम मिटले तर काठच्या खळग्यांत पिल्ले अडकून पडतात. सूरह अर-रहमानच्या आरंभी आकाशाच्या उंचीबरोबरच तुलेचा, मीज़ानचा, उल्लेख येतो आणि तिच्यात अतिक्रमण करू नका असे सांगितले जाते. तुला केवळ वजनाची नसते, ऋतूंचीही असते.

सांडणीलाही ‘ठरलेला दिवस’ दिला होता हे आठवावे. याला जोड देणारे एक उदाहरण दूरच्या मुलखातले आहे. कॅरिबियन समुद्रात प्वेर्तो रिको नावाचे बेट आहे. तिथल्या डोंगरांवर आपल्या घाटमाथ्यासारखाच पाऊस पडतो आणि छोट्या, वेगवान नद्या समुद्राकडे धावतात. त्या नद्यांतल्या कोळंबीची पिल्ले वरच्या ओढ्यांत जन्मतात, प्रवाहाबरोबर खाडीपर्यंत वाहत जातात, तिथे वाढतात आणि पुन्हा वर चढून येतात. गावांसाठी पाणी उचलणारे बंधारे मध्ये आले आणि वाहत जाणारी असंख्य पिल्ले पाण्याबरोबर नळांत ओढली जाऊ लागली. १९९० च्या दशकात अभ्यासकांनी रात्रंदिवस मोजणी केली, तेव्हा कळले की ही पिल्ले मुख्यतः रात्री, आणि त्यातही अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत वाहतात. तेवढे तास उपसा थांबवला, तर बहुतेक पिल्ले सुखरूप खाली जातील आणि गावाचे पाणीही फारसे कमी होणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे वाचताना मला सांडणीचीच आठवण झाली. पाणी तेच, तहान तीच. फक्त काही तास दुसऱ्याचे आहेत हे मान्य करायचे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. सांडणी हा चमत्कार होता, अल्लाहची विशेष निशाणी होती. नदीतल्या माशाला तो दर्जा कसा द्यायचा? उत्तर कुरआनातच आहे. सूरह अल-जासियाच्या चौथ्या आयतीत सांगितले आहे की तुमच्या निर्मितीत आणि अल्लाह जे जीव पसरवतो त्यांच्यात विश्वास बाळगणाऱ्यांसाठी निशाण्या आहेत. सांडणीचे वैशिष्ट्य हे की तिला निशाणी म्हणून ओळखणे सोपे होते. सोपी परीक्षा त्या लोकांना झाली; आपली थोडी अवघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणसाची तहान आधी नाही का? निश्चितच आधी आहे. इस्लामी न्यायशास्त्रात पाण्यावरच्या हक्कांची उतरंड स्पष्ट आहे. पहिला येतो ‘हक्क-उश-शफा’, म्हणजे ओठांचा हक्क. ज्याला ओठ आहेत, ज्याला तहान लागते, त्याचा पिण्याचा हक्क. लक्षात घ्यावे की न्यायशास्त्रज्ञांनी यात माणूस आणि जनावर दोघांना एकत्र बसवले आहे. शेत भिजवण्याचा हक्क, ‘हक्क-उश-शिर्ब’, त्यानंतर येतो. खलिफा हारून अल-रशीद यांच्यासाठी इमाम अबू यूसुफ यांनी महसुलावर जो ग्रंथ लिहिला, त्यातही नद्या-विहिरींच्या मालकांना माणसांचे आणि जनावरांचे पिणे अडवता येत नाही हा मुद्दा आहे. म्हणजे शहरातल्या बालकाची तहान आणि नदीतल्या जीवांचे जगणे यांत बालक पुढे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो बालकाची तहान आणि आपली चैन या दोहोंना एकाच नळाने, एकाच नावाने पाणी मागण्याबद्दल. दररोज धुतली जाणारी चारचाकी, धरणाकाठच्या बंगल्यांतले पोहण्याचे हौद, तुटलेल्या जोडणीतून रस्त्यावर वाहणारे पाणी, हे सारे ‘पिण्याचे पाणी’ या शीर्षकाखाली नदीतून निघते. त्याला ओठ नाहीत.

वरच्याने किती घ्यावे आणि खालच्यासाठी किती सोडावे, याबाबत प्रेषितांचा (स.) प्रत्यक्ष निवाडा उपलब्ध आहे. मदीनेजवळ महज़ूर नावाचा ओढा होता. पावसाचे पाणी आले की वरची शेते ते अडवत. निवाडा असा झाला की वरच्याने घोट्यापर्यंत पाणी धरावे आणि मग खालच्यासाठी सोडून द्यावे. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आणि अबू दाऊद यांच्या संग्रहात तो आला आहे. हा मापदंड किती सुंदर आहे! घोटा प्रत्येकाला असतो, तो पाण्यात उतरून पाहता येतो, त्यासाठी अधिकाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. अर्थात हा निवाडा शेतकऱ्याशेतकऱ्यांतला आहे. तो नदीतल्या जीवांपर्यंत मी नेतो आहे, आणि त्याला आधार सांडणीच्या पाळीचा देतो आहे. विद्वानांनी यावर अधिक विचार करावा.

आपल्या देशातही असा घोटा ठरवण्याचा प्रयत्न झाला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र शासनाने गंगेसाठी अधिसूचना काढली. हरिद्वारपर्यंतच्या वरच्या भागात नोव्हेंबर ते मार्चमध्ये सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिल-मेमध्ये २५ टक्के, आणि जून ते सप्टेंबरमध्ये ३० टक्के पाणी नदीत वाहते ठेवलेच पाहिजे, असे तिच्यात म्हटले आहे. हे प्रमाण पुरेसे की अपुरे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण महिन्यांच्या नावांसह पाळी लिहिली गेली, ही मोठी गोष्ट आहे. पवनेसाठी अशी अधिसूचना नाही.

आता आपल्या घराकडे वळू. वुजूत पाणी वाया घालवणाऱ्या ह. सअद (र.) यांना प्रेषितांनी (स.) हटकले आणि वाहत्या नदीकाठी असलात तरीही उधळपट्टी ती उधळपट्टीच, असे सांगितले, ही हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. तिच्या सनदेबद्दल काही विद्वानांनी शंका घेतली आहे, तथापि प्रेषित (स.) एका मुद् पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरहूनही कमी पाण्यात, वुजू करीत, ही बुखारी यांच्या संग्रहातील हदीस निर्विवाद आहे. आपल्या मशिदींच्या वुजूखान्यांत नळ सोडून बाह्या वर करणारे आपण रोज पाहतो. वाहत्या नदीकाठी पाणी का जपायचे, असा प्रश्न पूर्वी पडत असे. नदी कुणाची तरी पाळी सांभाळत वाहते, हे कळल्यावर तो पडू नये.

आणखी एक गोष्ट काही वाचकांना रुचणार नाही. पाण्यातील शिकार आपल्यासाठी हलाल आहे, आणि चढणीचा मासा आपण आवडीने खातो. जूनमध्ये तो अंड्यांनी भरलेला असतो म्हणूनच त्याला मागणी असते. ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावून चढणारे सगळेच मासे धरणे, किंवा डोहात विष कालवून अथवा सुरुंग लावून पिल्लांसकट सारे मारणे, याला शिकार म्हणता येईल का? समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव तो नियम पाळतात. ओढ्यावर पहारा करायला कोणी येत नाही. मावळातल्या आपल्या तरुणांनी पहिल्या पावसाचे दोन-तीन आठवडे ओढ्यांची तोंडे मोकळी ठेवली तर त्यांचे काय बिघडेल?

जे वाचक मावळातील गावांत राहतात त्यांच्या हाती आणखी काही आहे. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यानंतर बर्गे बसवताना तळाशी एखादी फट राखली, तर खालचा अर्धा किलोमीटर कोरडा पडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ते बर्गे वेळेत काढले, तर चढणीला वाट मिळते. मशिदीच्या किंवा स्वतःच्या संडासाचे पाणी ओढ्यात सोडू नये हे सांगायची खरे तर गरज नसावी; पाण्याच्या घाटावर घाण करणे शापाला कारण होणाऱ्या कृत्यांत मोजले गेले आहे. आणि ग्रामसभेत जावे. १ मे च्या ग्रामसभेत लोक रस्त्याबद्दल आणि गटाराबद्दल बोलतात. तिथे हात वर करून विचारावे की जलवाहिनी झाली तर धरणाखाली नदीत महिनावार किती पाणी सोडले जाणार आहे, तो आकडा लेखी द्यावा. हाच प्रश्न शहरातल्या वाचकांनी आपल्या नगरसेवकाला विचारावा. शेतकरी विचारतो तेव्हा तो पंपासाठी विचारतो असे समजले जाते. नळाचे पाणी पिणाऱ्याने विचारले, तर ते वेगळ्या कानांनी ऐकले जाईल.